पाळीचा हिशोब लागत नाही तेव्हा

केळीबागेतलं काम आटोपलं असेल, तर चूल पेटवायच्या आधी थोडं आमच्याजवळ बसा. पोरी घरात असतील तर त्यांनाही बसवा, त्यांच्याही कामाचं आहे.

यावलकडच्या गटांच्या बैठकीत, हिशोबाची वही मिटली की एक प्रश्न हळू आवाजात येतोच. "ताई, माझी पाळी कधी पस्तीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. दिवस गेले की नाही, ते ओळखायचं कसं?" जीव टांगणीला लागतो. मग कुणी कच्ची पपई खातं, कुणी गरम गूळ, कुणी दुकानातून 'पाळी आणायची' गोळी मागवतं. यात वेळ जातो, आणि इथे वेळच मोलाचा असतो.

आधी हिशोबाचं बोलू. 'पाळीनंतर अमुक दिवस धोका नाही' हे गणित अनियमित पाळीला लागू होत नाही. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. पुढची पाळी कधी तेच माहीत नसेल, तर १४ दिवस मोजणार कुठून? अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी सुरू झाली नसली, तरी दिवस जाऊ शकतात, कारण पहिलं बीज पाळीच्या आधीच सुटतं.

म्हणून पाळीची तारीख सोडा, संबंधाची तारीख धरा. त्या दिवसापासून २१ दिवस मोजा आणि सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. आशाताईंकडे, उपकेंद्रात 'निश्चय' किट मिळतं. दिवस गेले नाहीत असं दिसलं आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासा. तेव्हाही तेच दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, अंडाशयातल्या गाठी, एकदम घटलेलं वजन, चाळिशी, कशानेही पाळी लांबते.

आता तातडीची गोळी. निरोध फाटला, माला-एन घ्यायची राहिली, किंवा घरात जबरदस्ती झाली (तेही होतं, आपल्याला ठाऊक आहे), तर ही गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर, तितका उपयोग जास्त. तिचं औषध लेव्होनॉरजेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅम, एकदाच. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. २०११च्या सरकारी योजनेत आशाताईंनी ती घरपोच द्यावी असं ठरलं, किंमत २ रुपये. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. टीबीची किंवा फिटची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, काही औषधांनी हिचा असर कमी होतो. अशा वेळी, किंवा तीन दिवस उलटून गेले असतील तर, पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेता येते. ती गोळीपेक्षाही भरवशाची.

ही गोळी बीज सुटणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या, त्या डॉक्टरांशिवाय घेऊच नयेत. तातडीची गोळी घेतल्यावर पाळी आठवडाभर मागेपुढे होते, मध्येच थोडं रक्तही दिसतं. त्याला पाळी समजू नका, २१ दिवसांनी तपासा. ओटीपोटात एका बाजूला खूप दुखलं, चक्कर आली, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

आणखी एक. कानबाईला, लग्नकार्याला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतात. त्या गर्भ रोखण्यासाठी नसतात. त्या घेत असताना संबंध आला, तर वर सांगितलं तेच मोजायचं.

तातडीची गोळी एका वेळेपुरतीच. तिच्यानंतरच्या संबंधाला ती पुरत नाही. म्हणून रोजची सोय बघा: निरोध, माला-एन, आठवड्याला घ्यायची छाया, तीन महिन्यांनी अंतरा इंजेक्शन, तांबी. अंतराने आणि छायाने पाळी आणखी मागेपुढे होते, हे आधीच विचारून घ्या, म्हणजे घाबरायला होणार नाही.

आणि दिवस गेलेच, नको असले, तर? १९७१च्या कायद्याने सरकारी दवाखान्यात सुरक्षित गर्भपात करता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, लग्न झालेलं असो वा नसो. अठरा वर्षांपुढच्या बाईची स्वतःची सही चालते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. कुणी मागितलीच, तर आशाताईंना बरोबर घेऊन जा.