'हो' आणि सही यांच्यामधले दिवस

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "इंग्लंडमध्ये घर घेतलंत, त्याचा अनुभव सांगा." इथे बसलेल्या बऱ्याच जणांचे मामू, चाचा किंवा खाला तिकडे आहेत. तुमच्यापैकीही काही जण उद्या जातील. म्हणून घर कसं मिळालं ते मी थोडक्यात सांगते आणि घर हातचं कसं गेलं ते जरा सविस्तर सांगते. शिकायला मिळालं ते त्यातूनच.

आधी पद्धत समजून घेऊ. इंग्लंड आणि वेल्समध्ये घर एजंटमार्फत विकायला निघतं. तुम्ही रक्कम सांगता आणि मालक 'हो' म्हणतो. दारावर पाटी लागते, 'सोल्ड, सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट'. आपण पहिला शब्द वाचतो आणि मिठाई वाटतो. खरा अर्थ पुढच्या तीन शब्दांत असतो. 1989 च्या कायद्यानुसार जमीन-घराचा करार लेखी हवा, ठरलेल्या सगळ्या अटी त्यात हव्यात आणि दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. तोपर्यंत तोंडी 'हो'ला कायद्यात किंमत नाही.

दोन्हीकडच्या वकिलांनी सह्या झालेल्या प्रतींची अदलाबदल केली की करार पक्का होतो. त्याला 'एक्स्चेंज' म्हणतात. त्या वेळी साधारण दहा टक्के रक्कम भरायची असते. त्यानंतर माघार घेतली तर ती रक्कम जाते. पण 'हो' आणि एक्स्चेंज यांच्यामध्ये कित्येक आठवडे, कधी महिने जातात. बँक घराची किंमत तपासते. सर्व्हेअर भिंती, छप्पर, ओल बघतो. वकील कौन्सिलची, पाण्याची, सांडपाण्याची कागदपत्रं काढतो. शिवाय विकणाऱ्यालाही दुसरं घर घ्यायचं असतं, त्या घराच्या मालकाला तिसरं. या साखळीतली एक कडी तुटली की सगळे अडकतात. आणि या सगळ्या काळात कोणीही, कारण न देता, उठून जाऊ शकतो.

आमचं पहिलं घर असंच गेलं. बर्मिंगहॅममधलं तीन खोल्यांचं घर, दोन लाख दहा हजार पौंडांना ठरलं. बिनव्याजी योजनेतून घ्यायचं होतं. त्यात बँक आणि आपण मिळून घर घेतो, आपण बँकेचा हिस्सा हळूहळू विकत घेतो आणि उरलेल्या हिश्श्याचं भाडं देतो. त्यामुळे कागद जास्त आणि वेळही जास्त लागला. नऊ आठवडे झाले होते. मुलीच्या शाळेचा अर्ज त्या पत्त्याजवळच्या शाळेत भरला होता. सर्व्हे, वकील, कागदपत्रं यांवर चौदाशे पौंड खर्च झाले होते. एका गुरुवारी एजंटचा फोन आला. दुसऱ्या कोणीतरी आठ हजार जास्त देऊ केले होते आणि मालकाने ते घेतले होते.

तिकडे याला 'गॅझम्पिंग' म्हणतात. एक्स्चेंजच्या तोंडावर खरेदीदारानेच किंमत पाडली, तर ते 'गॅझंडरिंग'. दोन्ही कायदेशीर आहेत.

खरं सांगते, माझ्या मनात पहिली शंका आली ती नावाची. आपलं नाव बघून तर नाही ना? घर विकताना धर्मावरून भेद करणं तिथे 2010 च्या समानता कायद्याने बेकायदा आहे. पण मनातली शंका कायद्याने जात नाही. नंतर कळलं की कारण फक्त आठ हजार पौंड होतं. ज्याला आयुष्यभर नावावरून 'नाही' ऐकायची सवय झालेली असते, त्याला प्रत्येक 'नाही'मागे तेच दिसतं. म्हणून आधी कारण विचारावं, मग निष्कर्ष काढावा.

आता मुख्य गोष्ट. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका एजंटचा फोन आला. घर आमच्या पसंतीचं होतं. तो म्हणाला, "एका जोडप्याची ऑफर मालकाने स्वीकारली आहे, पण त्यांचं काम रेंगाळलंय. तुम्ही पाच हजार वाढवलेत तर मालक तुमचा विचार करील." आमच्याकडे पैसे होते. भाड्याच्या घराची मुदत संपत आली होती. त्या रात्री आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बराच वेळ बसून होतो. माझे मिस्टर म्हणाले, "कायद्याने चालतं." मी म्हटलं, "त्या गुरुवारीही कायद्याने चालतच होतं."

भावाचा सौदा ठरत आला असताना त्यावर आपला सौदा घालू नये, ही पैगंबरांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. लिलावात बोली वाढवणं वेगळं. तिथे अजून कोणाचंच ठरलेलं नसतं. इथे ठरलं होतं. आणि 'भाऊ' म्हणजे कोण? ते जोडपं कोणत्या धर्माचं होतं, मला आजही माहीत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्याने फरक पडत नाही. आम्ही नाही म्हणून कळवलं आणि आणखी एक हिवाळा भाड्याच्या ओलसर घरात काढला. त्याचं बक्षीस म्हणून आम्हाला स्वस्त घर मिळालं, असं काही झालं नाही. पुढचं घर महागच पडलं.

पण तोपर्यंत आम्ही शहाणे झालो होतो. ऑफर देतानाच अट घातली की घराची जाहिरात काढा आणि नव्या लोकांना घर दाखवू नका. एजंट विकणाऱ्याचा असतो, आपला नव्हे, हे लक्षात ठेवलं. नवी ऑफर आली तर मालकाला कळवणं हे त्याचं कामच आहे. वकील आणि बँकेची तयारी आधी केली. सर्व्हे पहिल्यांदा केला आणि तो ठीक निघाल्यावरच बाकीचा खर्च. ठरावीक मुदतीत दुसऱ्याशी बोलणी करणार नाही, असा लेखी 'लॉक-आउट' करार मालकाशी करता येतो. सौदा फिसकटला तर खर्च भरून देणारा विमाही मिळतो. आणि एक्स्चेंज होईपर्यंत भाड्याच्या घराची नोटीस दिली नाही, शाळा बदलली नाही, मिठाईही वाटली नाही.

व्यक्तीने शहाणं व्हावं, पण पद्धतही बदलायला हवी. स्कॉटलंडमध्ये 2008 पासून विकणाऱ्यालाच घराचा तपासणी अहवाल आधी तयार ठेवावा लागतो. इंग्लंडने 2007 मध्ये असंच काहीसं सुरू केलं आणि 2010 मध्ये थांबवलं. पण कायदे बदलतात. बिनव्याजी योजनेत घराची मालकी दोनदा बदलते म्हणून स्टॅम्प ड्युटी दोनदा बसायची. 2003 च्या कायद्याने ती अडचण काढली. नागरिक म्हणून मागणी करत राहणं हेही आपलंच काम आहे.

आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्याशी काय संबंध? 'हो' आणि सही यांच्यामधले दिवस इथेही असतात. टोकन देतो, विसार पावती होते, मग साठेखत, मग खरेदीखत. बिल्डरकडून घेताना रेराचं कलम 13 पाठीशी आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय त्याला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पण जुना फ्लॅट मालकाकडून घेताना हे कलम कामाला येत नाही. तिथे टोकनची रोख रक्कम देऊन नुसत्या शब्दावर घरी येऊ नका. पावतीवर एकूण किंमत, साठेखताची तारीख, कर्ज मंजूर झालं नाही तर पैसे कधी परत मिळणार आणि मालक फिरला तर काय, हे सगळं लिहून घ्या. रक्कम बँकेतून द्या. लिहून मागितलं तर समोरच्याला अविश्वास वाटेल, असा संकोच करू नका. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून, साक्षीदार ठेवून करावा, हे सांगणारी सूरह बकराची 282 वी आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. लिहिणं म्हणजे अविश्वास नव्हे. लिहिल्याने दोघांचाही शब्द जपला जातो.

आणि उद्या तुम्ही विकणारे व्हाल. एकाला 'हो' म्हटल्यावर दुसरा कोणी लाखभर जास्त घेऊन दारात उभा राहील. त्या दिवशी पावतीवर सही झालेली नसेल. तेव्हा काय करायचं, ते आजच ठरवून ठेवा.