पहिला घास, सावकाश घास
डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला वरचे अन्न देताना
(बंगळूर येथील मराठीभाषक कुटुंबांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उष्टावण हा आपल्या घरांतील आनंदाचा सोहळा. मामाने चांदीच्या चमच्याने खिरीचा पहिला घास भरवावा, सर्वांनी कौतुकाने पाहावे आणि बाळाने ओठ चाटावेत, अशी आपली कल्पना असते. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या घरी मात्र हा दिवस पुष्कळदा चिंतेची सुरुवात ठरतो. खीर तोंडात जाते आणि जिभेबरोबर तशीच बाहेर येते. ‘याला अन्न आवडतच नाही’ असा निष्कर्ष निघतो. मग कोणी बळजबरी करतो, तर कोणी वर्षभर केवळ दुधावर ठेवण्याचा सल्ला देतो. हे दोन्ही मार्ग बाळाच्या हिताचे नाहीत. बाळ अन्न नाकारत नसून ते गिळण्याची रीत शिकत आहे, हे आज आपण समजून घेऊ.

अडचण कोठे आहे?

आपल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांपैकी २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असल्यास डाउन सिंड्रोम होतो. जॉन लँग्डन डाउन या इंग्रज वैद्याने १८६६ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, आणि तिचे गुणसूत्रातील कारण १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. साधारणपणे ८०० ते १००० जन्मांमागे एका बाळात ही अवस्था आढळते. आईने गरोदरपणी काय खाल्ले, कोणते ग्रहण पाहिले, याच्याशी तिचा काहीही संबंध नाही. म्हणून घरात कोणीही कोणाला दोष देऊ नये.

या बाळांचे स्नायू जन्मतः सैल असतात. ओठ, गाल, जीभ आणि जबडा यांचेही स्नायू त्याला अपवाद नसतात. तोंडाची पोकळी लहान आणि टाळू अरुंद असल्याने जीभ पुढे येते. दातही उशिरा येतात. पहिला दात वाढदिवसानंतर दिसणे ही या बाळांत नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे ओठ मिटून चमच्यावरील अन्न ओढून घेणे, ते जिभेने मागे नेणे आणि श्वास सांभाळून गिळणे ही साखळी जुळायला अधिक दिवस लागतात. ती जुळते, मात्र तिला सराव लागतो.

सुरुवात केव्हा करावी?

सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचे अन्न, हा सर्व बाळांसाठीचा नियम याही बाळाला लागू आहे. स्तनपान दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे. सहाव्या महिन्यानंतर केवळ दुधातून पुरेसे लोह मिळत नाही, म्हणून आरंभ विनाकारण लांबवू नये. मात्र आधार दिल्यावर बाळाची मान स्थिर राहते का आणि आपण जेवताना ते अन्नाकडे पाहते का, हे पाहावे. मान अजून धरत नसेल, तर सुरुवात कशी करायची हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. उष्टावणाचा मुहूर्त बाळाच्या तयारीप्रमाणे पुढे नेण्यास काहीच हरकत नाही. त्या दिवशी खिरीचे बोट ओठांना लागले तरी संस्कार पूर्ण झाला असे समजावे. एक वर्षाच्या आत मध मात्र मुळीच चाटवू नये.

आरंभापूर्वीच्या तपासण्या

या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो. म्हणून छातीत वेगळा आवाज ऐकू येत नसला तरी हृदयाची इको तपासणी झालेली असावी. दूध पिताना कपाळाला घाम येणे, धाप लागणे, मध्येच थकून झोपणे ही हृदयावर ताण असल्याची लक्षणे असू शकतात. अशा बाळाला थोडे थोडे आणि अधिक वेळा भरवावे.

थायरॉइडची रक्ततपासणी जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी करावी. या ग्रंथीचे काम मंदावले की बाळ सुस्त होते, त्याला बद्धकोष्ठ होतो आणि भूकही कमी होते. थायरॉइडची गोळी चालू असल्यास लोहाचे किंवा कॅल्शियमचे औषध तिच्याबरोबर देऊ नये; दोहोंमध्ये चार तासांचे अंतर ठेवावे.

बसवणे हाच अर्धा उपाय

बाळाला पायांवर आडवे घेऊन बोंडल्याने किंवा येथील पालडईने पेज ओतण्याची रीत अनेक घरांत आहे. सैल स्नायूंच्या बाळासाठी ती धोक्याची आहे, कारण ओतलेले अन्न श्वासनलिकेत उतरू शकते. बाळाला ताठ बसवावे. कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात असावेत आणि पावले अधांतरी न लोंबता कशावर तरी टेकलेली असावीत. महागड्या खुर्चीची गरज नाही. आईच्या मांडीवर, पाठीला आधार देऊन आणि दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल ठेवूनही ही बैठक साधते. हनुवटी किंचित खाली असावी. मान मागे कलंडू देऊ नये. धड स्थिर झाले की जबडा आणि जीभही स्थिर होतात.

चमचा कसा द्यावा?

चमचा लहान, उथळ आणि गुळगुळीत असावा. त्याच्या टोकावर थोडेसे अन्न घ्यावे. चमचा समोरून, बाळाच्या डोळ्यांच्या पातळीवरून आणावा, म्हणजे बाळ मान वर करणार नाही. तो जिभेच्या मध्यावर ठेवून हलकेच खाली दाबावा आणि थांबावे. वरचा ओठ खाली येऊन अन्न घेऊ लागला की चमचा सरळ बाहेर काढावा. वरच्या ओठावर किंवा हिरडीवर चमचा पुसून अन्न आत सोडण्याची घाई करू नये, कारण त्यामुळे ओठाला मिटण्याची संधीच मिळत नाही. आवश्यक वाटल्यास हनुवटीखाली एका बोटाचा हलका आधार द्यावा.

जिभेने बाहेर आलेले अन्न शांतपणे टिपून पुन्हा द्यावे. एखादा नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी दहा-पंधरा वेळा तो समोर यावा लागतो, हे कोणत्याही बाळाच्या बाबतीत खरे आहे. तीन दिवसांत निकाल लावू नये.

काय आणि किती द्यावे?

मऊ भात आणि मुगाचे घट्ट वरण, शिजवून कुस्करलेले रताळे किंवा लाल भोपळा, पिकलेले केळे, पूर्ण उकडलेल्या अंड्याचा बलक असे घरचेच अन्न उत्तम. त्यात अर्धा चमचा तूप घातल्यास थोड्या घासांत अधिक ऊर्जा मिळते. वर्षाच्या आत मीठ आणि साखर घालू नये. चहा, बिस्किटे आणि मुख्य पेय म्हणून गाईचे दूधही देऊ नये.

बंगळुरात नाचणी, म्हणजे येथील रागी, घरोघरी असते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोड आणून वाळवलेल्या नाचणीच्या पिठातील पाचक द्रव्य पिष्टाचे विघटन करते, म्हणून तिची पेज पातळ होते. त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते आणि हा लाभच आहे. परंतु ज्या बाळाला पातळ अन्नाने ठसका लागतो, त्याच्यासाठी मोड न आणलेल्या नाचणीची चमच्यावर टिकेल अशी दाट पेज अधिक सुरक्षित असते. रागी मुद्दे न चावता गिळण्याची रीत असल्यामुळे ते बाळाला देऊ नये.

सुरुवातीस दोन-तीन चमचे, दिवसातून दोन वेळा द्यावे. आठव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत २५० मिलिलिटरच्या वाटीने अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीन वेळा पोहोचावे. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा अर्धी वाटी आणि वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, हे सर्वसाधारण प्रमाण आहे. आपले बाळ याहून सावकाश जात असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर घाबरू नये. वजन मात्र दरमहा नोंदवावे.

गुळगुळीत अन्नावर अडकू नये

बाळ मिक्सरमधले गुळगुळीत अन्न सहज घेते, म्हणून अनेक कुटुंबे दोन-दोन वर्षे तेच देतात. त्यामुळे चावण्याचा सराव होत नाही आणि पुढे कणीदार अन्न तोंडात आले की बाळाला उमाळी येते. एक पायरी जमली की दुसरी चढावी: आधी गुळगुळीत, मग दाट, मग काट्याने कुस्करलेले, मग मऊ तुकडे. दात नसले तरी हिरड्या इडलीचा मऊ तुकडा किंवा वाफवलेल्या गाजराची फोड चिरडू शकतात. वरणाच्या पाण्यात तरंगणारी भाताची शिते मात्र अवघड पडतात, कारण पाणी आधी घशात जाते आणि शिते मागे राहतात. अशा वेळी भात आणि वरण एकजीव करून द्यावे.

सहाव्या महिन्यापासून लहान उघड्या पेल्यातून घोट घोट पाणी पिण्याचा सराव द्यावा. बाटली टाळावी. शेंगदाणे, फुटाणे, चिवडा, अख्खी द्राक्षे, कच्चे गाजर यांपासून बाळाला दूर ठेवावे.

बळजबरी नको

नाक दाबून तोंड उघडणे, हात धरून ठेवणे, मोबाइल दाखवून नकळत घास सारणे, हे सारे थांबवावे. असे भरवलेले बाळ चमचा पाहूनच तोंड फिरवू लागते. चिऊ-काऊचा घास जरूर भरवावा, परंतु बाळाने तोंड उघडल्यावरच. जेवण वीस ते तीस मिनिटांत संपवावे. बाळाने मान वळवली, तर ते जेवण तेथेच संपले असे मानावे. घरच्यांच्या पंगतीत बाळाला बसवावे आणि त्याला हात बरबटू द्यावेत. अन्नाला हात लावणे ही खाण्याची पहिली पायरी आहे.

डाउन सिंड्रोमवर ‘खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी किंवा जीवनसत्त्वांच्या मिश्रणांमुळे बुद्धी वाढते, याला पुरावा नाही. डॉक्टरांनी तपासणीअंती सांगितल्याखेरीज गहू किंवा दूध वर्ज्य करू नये.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नये

पुढीलपैकी काहीही दिसल्यास बाळाला डॉक्टरांकडे न्यावे:
• भरवताना वारंवार ठसका लागणे, जेवणानंतर आवाज ओला किंवा घरघरीत होणे;
• ओठ निळे पडणे, धाप लागणे, घाम येणे;
• पुन्हा पुन्हा न्यूमोनिया किंवा ताप येणे. काही बाळांच्या श्वासनलिकेत अन्न उतरते तरी त्यांना खोकला येत नाही, म्हणून हे लक्षण विशेष महत्त्वाचे आहे;
• हिरवी उलटी, पोट फुगणे, दीर्घकाळ शौचास न होणे;
• दोन महिने वजन न वाढणे.

ओठ निळे पडले असतील किंवा हिरवी उलटी झाली असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

घास अडकला आणि बाळ जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल, तर एक वर्षाखालील बाळाला डोके व मान सांभाळून, डोके खाली राहील असे हातावर पालथे घ्यावे. खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाब द्यावा. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. न दिसणारा घास काढण्यासाठी घशात बोट घालू नये.

मदत कोठे मिळेल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. जन्मजात अवस्थांच्या त्याच्या यादीत डाउन सिंड्रोमचा समावेश आहे. अंगणवाडी, आशा कार्यकर्ती, जवळचे नम्म क्लिनिक किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्यामार्फत बाळाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते. सहा महिन्यांनंतर द्यावयाचे लोहाचे सिरपही तेथेच विचारावे. शहरात वाणीविलास रुग्णालय आणि इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था ही मोठी सरकारी बालरुग्णालये आहेत. वाचा आणि श्रवण या विषयांवर काम करणारी अखिल भारतीय संस्था म्हैसूर येथे आहे. गिळण्याच्या अडचणींसाठी वाचा-उपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी; त्यांचे काम केवळ बोलण्यापुरते नसते. कन्नड येत नाही म्हणून संकोच करू नये. शेजाऱ्यांना सोबत न्यावे आणि विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत.

आणि आईचीही काळजी घ्यावी. दिवसातून पाच वेळा अन्न बाहेर येताना पाहणे मनाला थकवते. भरवण्याचे काम वडील, आजी, आजोबा यांनी वाटून घ्यावे, मात्र सर्वांनी भरवण्याची रीत एकच ठेवावी. मन खचले, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ही सेवा २०२२ पासून सुरू असून तिचे शिखर केंद्र आपल्याच शहरातील निम्हान्स संस्थेत आहे.

शेजारच्या बाळाशी तुलना करू नये. आपले बाळ गेल्या महिन्यात काय करत होते आणि आज काय करते, एवढेच पाहावे. गेल्या महिन्यात चमचा दिसताच जीभ बाहेर येत असेल आणि आज वरचा ओठ क्षणभर मिटत असेल, तर ती मोठी प्रगती आहे. ती वहीत लिहून ठेवावी आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना अवश्य सांगावी.