पाण्याची जागा कोणाच्या नावावर?

(मंडळाच्या बडोदे येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात दरवर्षी मराठी शाळेवर बोलले जाते, नाट्यस्पर्धेवर बोलले जाते आणि महापालिकेत आपली माणसे किती यावर तर हमखास बोलले जाते. यंदा कार्यकारिणीने मला विचारले तेव्हा मी म्हणालो, मला पाण्यावर बोलू द्या. मी इंजिनियर नाही. बी.कॉम. झालेला, बँकेच्या कर्जविभागात बावीस वर्षे फायली लावणारा कारकून आहे. त्यामुळे मी जे सांगेन ते हिशेबाच्या भाषेत सांगेन. तांत्रिक चूक झाली तर सभागृहात दोन-तीन निवृत्त ओव्हरसियर बसले आहेत, त्यांनी मला जागच्या जागी टोकावे.

२६ ऑगस्ट २०२४ ला गोकुळाष्टमी होती. त्या रात्रीचा पाऊस आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. त्या आठवड्यात नदी ३५ फुटांच्या वर गेली. आमची सोसायटी नदीच्या पश्चिमेला आहे. वडिलांनी दांडिया बाजारातल्या वाड्यातला आपला वाटा विकून तिथे तळमजल्याचे घर घेतले होते. पाणी चार फूट चढले. आईला शेजारच्या पटेलकाकींकडे दुसऱ्या मजल्यावर नेले. ती देव्हारा उचलायला परत खाली निघाली होती, तिला हाताला धरून थांबवावे लागले. तीन दिवस वीज नव्हती. मगर फाटकापर्यंत आली होती असे मुले अजून सांगतात. मी स्वतः पाहिली नाही, पण खोटे वाटत नाही, कारण २०२५ च्या गणनेत शहरातल्या नदीपट्ट्यात ४४२ मगरी मोजल्या गेल्या.

त्यानंतरचा महिना मी काउंटरवर काढला. लोक भिजलेली पासबुके घेऊन येत. कोणाला हप्ता पुढे ढकलून हवा, कोणाला नवे कर्ज हवे, एका आजोबांना फक्त बसायला कोरडी खुर्ची हवी होती. एका कर्जदाराची फाइल मी मुदतवाढीसाठी काढली. घर नव्या भागातले, कागदपत्रे सगळी रीतसर. वकिलाचा शोध-अहवाल, बिनखेतीचा हुकूम, मंजूर नकाशा, काही कमी नाही. पण अगदी तळाशी जुन्या सर्व्हे नंबरचा उतारा होता आणि त्यात जमिनीच्या वर्णनात एकच शब्द होता, 'तळाव'. त्या फायलीवर 'कागद तपासले' म्हणून सही माझी होती. नियमाप्रमाणे माझे काहीच चुकले नव्हते. मालकी स्पष्ट होती, बोजा नव्हता. पाणी पूर्वी कुठे राहत होते, हे विचारणारा रकाना आमच्या छापील फॉर्मात नाही.

त्या सहीने मला ही चौकशी करायला लावली.

आपल्याकडे एक वाक्य नेहमी ऐकू येते. मागच्या मेळाव्यातही आपल्या एका ज्येष्ठांनी म्हटले होते, 'महाराजांच्या वेळी असले पूर येत नव्हते.' काकांची क्षमा मागून सांगतो, येत होते. १९२७ च्या जुलैमधला पूर बडोद्यानेच नव्हे, साऱ्या गुजरातने सोसला आणि तेव्हा गादीवर सयाजीराव महाराजच होते. फरक पाण्यात नव्हता, पाणी जिथे जाऊन बसायचे त्या जागेत होता. १९०१ च्या शिरगणतीत बडोदे शहर लाखाच्या आसपास होते, २०११ मध्ये ते सोळा लाखांच्या वर गेले. एवढी माणसे कुठेतरी राहणारच, त्याबद्दल तक्रार नाही. मीही त्यातलाच एक. पण ती नेमकी कुठे राहिली, ते पाहू.

विश्वामित्री पावागडातून उतरते आणि शहरातून नागमोडी वळणे घेत जाते. तिच्या दोन्ही काठांना कोतरे आहेत. परगावचा माणूस त्यांना ओसाड खड्डे म्हणतो. पाऊस वाढला की नदी आधी या कोतरांत शिरते, तिथे थांबते आणि हळूहळू ओसरते. दुसरी गोष्ट आपल्या कांसा. मसिया कांस, भूखी कांस, रूपारेल कांस ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांना पाठ होती. शेतांचे आणि तळ्यांचे जादा पाणी या वाटांनी नदीकडे जाई. तिसरी गोष्ट तळी. सुरसागराच्या जादा पाण्यालासुद्धा विश्वामित्रीत जायला जमिनीखालून वाट ठेवलेली होती. म्हणजे तळे, कांस, कोतर आणि नदी ही एकमेकांना जोडलेली चार खाती होती. एकातले जास्त झाले की दुसऱ्यात वळते व्हायचे.

आता आकडा सांगतो, कागदावर करून पाहा. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर साधारण १ लाख लिटर पाणी जमते. दहा हजार लिटरचे दहा टँकर. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या जवळपास पाऊस झाला. म्हणजे एकरी दोनशे टँकर. उलट दहा एकरांचे, दोन मीटर खोल तळे सुमारे ८ कोटी लिटर पोटात घेते. असे एक तळे बुजवले की ते ८ कोटी लिटर कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत जाणार. बुजवणाऱ्याच्या खोलीत नाही, कारण त्याने भराव घालून जोते उंच केलेले असते. ते जाते त्याच्या शेजाऱ्याकडे. मग पुढच्या बिल्डरने गेल्या पुराची खूण पाहून आणखी दोन फूट भराव घालायचा. आमची सोसायटी बांधली तेव्हा उंचावर होती. आज चहूबाजूंनी भराव झाल्यावर ती बशीच्या तळासारखी झाली आहे, आणि आम्ही काही केलेले नाही. नाही, हेही पूर्ण खरे नाही. २०११ साली चिखल होतो म्हणून अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव मीच मांडला होता आणि जुनी विहीरही तेव्हाच झाकली.

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात की मुद्दल विकून आलेला पैसा उत्पन्नाच्या बाजूला दाखवायचा नाही. शहराने तळी आणि कोतरे विकली आणि त्याला विकास म्हणून जमेला धरले. पूर आला की खर्चाची बाजू उघडते, आणि ती बिल्डरच्या वहीत उघडत नाही, तुमच्या-माझ्या वहीत उघडते.

महाराजांची आठवण काढायचीच असेल तर ती इथे काढावी. कमाटी बाग १८७९ ची. शंभर एकरांहून मोठी आणि विश्वामित्रीच्या काठाला लागून. अशा जागी घरे असती तर दर पुरात माणसे हलवावी लागली असती. बाग आहे म्हणून पाणी येते, चिखल टाकून जाते आणि झाडे उभी राहतात. राजवाड्याच्या उद्यानासाठी विल्यम गोल्डरिंग आले, १८९३ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानातून क्रुम्बिगेल आले, जे पुढे बंगळूरला गेले आणि तिथल्या लालबागेमुळे प्रसिद्ध झाले. उद्यानरचना हे त्या काळी बडोद्यात राज्यकारभाराचे एक खाते होते. हौसेचा विषय नव्हता. आजव्याचे धरण जगन्नाथ सदाशिवजी या आपल्या इंजिनियरने उभारले आणि १८९२ पासून त्याचे पाणी शहराला मिळते. आज त्याच आजव्यातून पाणी सोडले की सूर्या नदीतून ते विश्वामित्रीत येते आणि आपण नगरसेवकाला फोन लावतो.

मग महाराजांनी पॅट्रिक गेडिस यांना बोलावले. स्कॉटलंडचा हा वनस्पतिशास्त्रज्ञ १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला. बडोद्याच्या विस्तारावरचा त्यांचा अहवाल १९१६ चा, इंदूरचा १९१८ चा, आणि १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची पद्धत अशी की आधी गाव पायी हिंडायचे, मग पेन्सिल उचलायची. त्या काळी हिवतापाच्या भीतीने तळी बुजवण्याचा धडाका चालू होता. गेडिस यांनी त्याला विरोध केला. तळे साफ करा, त्यात मासे सोडा म्हणजे डासांच्या अळ्या राहत नाहीत, आणि पावसाळ्यात तेच तळे तुमचे गाव वाचवेल, असे त्यांचे म्हणणे होते. हे शंभर वर्षांपूर्वीचे आहे, पैसे देऊन घेतलेला सल्ला आहे आणि आपण तो वापरला नाही.

त्याऐवजी मध्यंतरी आपल्याला साबरमतीसारखा नदीकाठ हवा होता. मलाही हवा होता, खोटे कशाला बोलू. पण साबरमतीचे पात्र रुंद, तिच्यात नर्मदेच्या कालव्याचे पाणी सोडलेले. विश्वामित्री अरुंद आणि वळणांची. तिला दोन भिंतींत घातले तर तिचे उरलेसुरले पाय पसरणे बंद होते. काही नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले, २०१६ मध्ये त्या प्रकल्पाला स्थगिती मिळाली आणि २५ मे २०२१ च्या अंतिम निकालात नदीची हद्द आखणे, अतिक्रमणे काढणे, झाडे लावणे आणि पूरक्षेत्र राखणे यावर भर दिला गेला. २०२४ च्या पुरानंतर २०२५ मध्ये महापालिकेने शंभर दिवसांची मोहीम काढून नदी खोल व रुंद केली. त्याचा उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही. पण नळ मोठा केल्याने टाकी परत येत नाही. आणि नळाचे दुसरे टोक कुठे आहे, तेही बघावे लागते.

ते टोक समुद्रात आहे. विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. या आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी दहा मीटरच्या आसपास असतो. उधाणाची भरती आणि वरून पूर एकाच वेळी आले की ढाढरचे तोंड तुंबते. आपण शहरातून जितक्या घाईने पाणी काढू, तितके ते खालच्या गावांच्या कपाशीत जाऊन उभे राहील. किनाऱ्यासाठी १९९१ पासून नियम आहेत, २०११ आणि २०१९ मध्ये ते बदलले. खाडीत ते आत कुठपर्यंत लागू हे ठरवायला वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्यातला क्षार मोजतात. हजारात पाच भागांची रेघ आली की तिथे किनाऱ्याचा कायदा संपतो. पाणी मात्र तिथे संपत नाही. त्या रेघेच्या वरच्या पट्ट्यात किनारा-खाते म्हणते आमचे नाही, आणि आपली महापालिका म्हणते आमची हद्द त्याआधीच संपली.

आता राजकारणाचे. मते मागायला सर्व पक्षांचे लोक आपल्या पोळांत येतात, मराठीतून दोन वाक्ये बोलतात, महाराजांच्या पुतळ्याला हार घालतात. त्यांना मराठी शाळेबद्दल जरूर विचारा. पण सोबत आणखी एक प्रश्न विचारा. आपल्या वॉर्डातली कांस कुठून कुठे जाते, ते त्यांनी चालून दाखवावे. मी गेल्या वर्षी दोघांना विचारले. एकाने गटार दाखवले, दुसऱ्याने मोबाइल काढला.

आणि एक काम आपले आहे, ते दुसरा कोणी करू शकणार नाही. नगररचना योजना होते तेव्हा सगळ्या जमिनी एकत्र करून नवे चौकोनी प्लॉट पाडतात. जुन्या सर्व्हे नंबरच्या हद्दी पुसल्या जातात आणि वाकडी कांस सरळ रस्त्याखालच्या पाइपात जाते. मसुद्यावर हरकत घ्यायला एक महिना असतो. हरकत तोंडी चालत नाही, कागद लागतो. आपल्यापैकी कितीतरी घरांत संस्थानकाळच्या सनदा, इनामाचे कागद, वाटणीपत्रे ट्रंकेत पडून आहेत. बरीचशी मोडीत. त्यांत चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस अमुक तळे, दक्षिणेस कांस, पश्चिमेस नदीचे कोतर. मालकीसाठी त्यांचा आज उपयोग नसेल, पण पाणी कुठे होते याचा तो लेखी पुरावा आहे. आमच्या ट्रंकेत निघाला. आजोबांच्या वाटणीपत्रात ज्या तळ्याचा उल्लेख आहे, तिथे आज मोटारींचे शोरूम आहे.

मोडी वाचणारे आपल्याकडे आता पाच-सहाच ज्येष्ठ उरले आहेत. त्यांपैकी तिघांनी दर रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या वाचनालयात बसायचे कबूल केले आहे. कागद तिथे आणा. मूळ कागद ठेवून घेणार नाही, फोटो काढून लगेच परत देऊ. मालकीचा मजकूर कोणाला दाखवायचा नसेल तर तेवढा भाग झाकून चतुःसीमेचाच फोटो घेऊ. घरात भावाभावांत दावा चालू असेल तर आधी वकिलाला विचारा, नंतर मला दोष देऊ नका. नोंदवही मी ठेवणार आहे. वॉर्ड, कागदाचे साल आणि पाण्याचा उल्लेख, असे तीनच रकाने.

आजपर्यंत अकरा कागद आले आहेत. पहिली नोंद माझ्या घरची आहे. बशीच्या तळाची सोसायटी ज्या सर्व्हे नंबरवर उभी आहे, त्याची चतुःसीमा मला अजून मिळालेली नाही. कोणाकडे असेल तर कृपया आणावी.