बारीक टाइपातली ओळ

नुकतीच बी.ए. झालेली मुले-मुली कधी कधी विचारतात, 'सर, वर्तमानपत्राचं संपादक व्हायचंय. काय करू?' मी म्हणतो, आजचा अंक घ्या आणि अगदी बारीक टाइपातली एक ओळ शोधा. मुद्रक, प्रकाशक, संपादक. छापलेल्या मजकुराचा जाब ज्याने द्यायचा, त्याचे नाव तिथे असते.

आपल्या भागाला हे नव्याने सांगायला नको. 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. ते गाव आज सिंधुदुर्गात असले, तरी १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. टिळकांचा तर जन्मच रत्नागिरीचा. 'केसरी'तल्या मजकुरासाठी १८९७ मध्ये त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

पण जाब विचारणारे नेहमी सरकारच असते असे नाही. उमेदवारीच्या काळात मी एका छोट्या दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक होतो. एक मच्छीमार होडी बुडाल्याची बातमी उशिरा आली. पान लागत आले होते, मजकूर चार ओळी जास्त. मी आडनावे कापली. आमच्या मोहल्ल्यात एकाच नावाची चार-पाच माणसे सहज निघतात, हे मला ठाऊक असायला हवे होते. सकाळी एका जिवंत माणसाच्या घरी लोक मयतीला जमले. तो बंदरावर होता, दुपारी परतला. संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. त्याची आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, ''छापलेलं खोटं कसं असेल, बाबा?''

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला. तो तिने वाचला असेल असे वाटत नाही.

कवितेतला शब्द चुकीचा कापला, तर फार तर कविता बिघडते. बातमीत एका घराचा दिवस बिघडतो. म्हणून संपादक होऊ पाहणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: आधी काही काळ मुद्रितशोधनाच्या टेबलावर बसा. गाव, आकडा, आडनाव, यांतले काही खटकले तर रात्री बारालाही वार्ताहराला फोन करा. आता बातमी मोबाइलवर आधी पोहोचते आणि 'नंतर दुरुस्त करू' म्हणणे सोपे झाले आहे. मात्र चूक वाचणारा प्रत्येक जण दुरुस्ती वाचायला परत येत नाही.

ती बारीक ओळ मी अजून रोज वाचतो. तिथे आपले नाव यावे असे वाटत असेल, तर जरूर या क्षेत्रात या.