छातीतली धडधड आणि न विचारलेला प्रश्न

(महिला आरोग्य मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



सुरुवातीलाच माझी एक चूक सांगते. मी काम करते त्या वस्तीतल्या एक मावशी भाजी विकतात. वय सत्तेचाळीस. एकदा बचत गटाची बैठक संपल्यावर त्या मागे थांबल्या. म्हणाल्या, "ताई, रात्री एकदम छातीत धडधडतं, घाम सुटतो. उठून बसले तर घरातले ओरडतात, आमची झोपमोड करू नको म्हणून." सासूबाईंनी देवाचं काही राहिलंय का ते बघायला सांगितलं होतं. एका दवाखान्यात झोपेची गोळी मिळाली होती. आणि मी, समाजकार्याची पदवी घेतलेली, म्हटलं, "पाळी जायच्या वयात होतं असं. घाबरू नका."

तीन महिन्यांनी मावशी बाजारातच चक्कर येऊन पडल्या. हिमोग्लोबिन निघालं ६. वर्षभर त्यांना दर महिन्याला दहा-बारा दिवस रक्तस्राव होत होता. 'जाताना जास्तच जाते' असं समजून त्या गप्प राहिल्या. पाळी कशी येते, एवढंही मी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. पाळी थांबण्याच्या काळात बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन कमी-जास्त होतं. त्याचा परिणाम शरीराचं तापमान आणि हृदयाची गती सांभाळणाऱ्या यंत्रणेवर होतो. म्हणून अंगातून गरम वाफा निघतात आणि त्याबरोबर धडधडही होते. बहुतेक वेळा ती काही मिनिटांत थांबते आणि तिच्यापासून धोका नसतो. पण रक्त कमी असलं, थायरॉइड वाढलेलं असलं, हृदयाच्या झडपेचा जुना आजार असला, तरीही धडधडच होते. बाहेरून फरक कळत नाही. 'वय झालं' आणि 'मनाचे खेळ' हे दोन शिक्के मारले, की तपासणीच होत नाही.

सरकारी आकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ही मोजणी होती १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांची. मूल होण्याचं वय संपलं, की बाईचं रक्त मोजायचं कारणही संपतं! आपल्या शिबिरांतही आपण गरोदरपण, संततिनियमन यावर जितकं बोललो, तितकं चाळिशीनंतरच्या शरीरावर बोललो नाही, हेही कबूल करायला हवं.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर तिशीतल्या बाईलाही हा सगळा त्रास एकदम सुरू होतो. ऑपरेशन झालेल्या बाईला आपलं काय काढलं हेच पुष्कळदा माहीत नसतं. तो कागद मागून घ्या, जपून ठेवा.

आता सगळ्याजणी डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. तीस सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. स्वस्थ बसलेलं असताना साधारण ६० ते १०० ठोके पडतात. धडधड होईल तेव्हा असंच मोजा. ठोके एका लयीत आहेत की वेडेवाकडे, तेही बघा. वेळ, किती मिनिटं, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, पाळीची तारीख हे वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा. ही वही समोर ठेवली, की डॉक्टरांना उडवाउडवी करणं जड जातं. रक्त, थायरॉइड, रक्तदाब आणि ईसीजी एवढं तपासून मागा. ईसीजीच्या वेळी धडधड नसेल तर तो नॉर्मल येऊ शकतो. तेवढ्यावरून 'काही नाही' म्हणून घेऊ नका. धडधडीबरोबर छातीत दुखलं, धाप लागली, शुद्ध हरपली, तर सकाळची वाट बघू नका. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच दाखवा.

मावशींना रक्त द्यावं लागलं, गर्भाशयातल्या गाठीवर उपचार झाले. धडधड बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. राहिलेली पाळीची आहे, हे आता तपासून कळलेलं आहे. त्यांनी मिश्री सोडली, संध्याकाळचा चहा बंद केला. रात्री धडधडलं की खिडकीपाशी बसतात, पाणी पितात, श्वास सावकाश सोडतात. घरातले आता ओरडत नाहीत, मुलगा उठून विचारतो, "आई, मोजू का?"

आमच्या गटात आता चाळिशीपुढच्या प्रत्येकीला तीन प्रश्न विचारतो: पाळी कशी येते? धडधडतं का? रक्त कधी तपासलं? तुमच्या गटातही पुढच्या बैठकीपासून हे सुरू करा, एवढंच माझं मागणं आहे.