नाव आणि विश्वास

सियालदह स्थानकात एखादी लोकल रद्द झाली, की गर्दी प्रथम कारण विचारते. ते वेळीच सांगितले गेले, तर त्रागा निवळू लागतो. मोटारशर्यतीतील जनसंपर्काची कसोटीही अशाच प्रसंगी लागते.

२००५ साली नारायण कार्तिकेयन यांनी जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले, तेव्हा मुंबईच्या टाटा उद्योगसमूहाचे पाठबळ त्यांच्यामागे होते. त्याच वर्षी इंडियानापोलिस येथे, १९ जूनच्या शर्यतीपूर्वी, तेथील तिरप्या वळणावर आपले टायर सुरक्षित राहतील अशी हमी देता येत नाही, असे मिशेलिन कंपनीने कळविले. तिचे टायर लावलेल्या १४ मोटारी प्रारंभापूर्वीच माघारी फिरल्या. प्रेक्षक संतापले. पुढे मिशेलिनने तिकिटांचे पैसे परत देण्याचे जाहीर केले.

उरलेल्या ६ मोटारींत कार्तिकेयन चौथे आले. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. हा मान खराच. परंतु तो सांगताना ‘सहांपैकी’ हा शब्द गाळण्याचा मोह जाहिरातीला होणारच. तो शब्द ठेवावयास लावणे, हेच जनसंपर्क अधिकाऱ्याचे कर्तव्य होय. कारण स्थानकावरील प्रवासी असो वा शर्यतीचा प्रेक्षक, गाळलेली गोष्ट त्याला पुढे कळतेच. आणि मग मोटारीवर रंगविलेल्या नावावर त्याचा विश्वास राहत नाही.