सार्वजनिक खरेदी आणि इलेक्ट्रॉनिक निविदा

शाळेचे बाक, दवाखान्यातील औषधे, पाणीपुरवठ्याचे नळ, रस्त्याची खडी, अशी शासनाची प्रत्येक खरेदी जनतेच्या पैशातून होते. म्हणूनच ती रास्त दरात होऊन भागत नाही. ती न्याय्य रीतीने झाली, हे जनतेला दिसलेही पाहिजे.

मोहोरबंद लखोटे व निविदापेटी ही जुनी पद्धत याच हेतूने आली होती. तथापि तिच्यात उणिवा होत्या. निविदापत्रक विकत घेताना नाव नोंदवावे लागे. त्यामुळे स्पर्धक कोण, हे आधीच उघड होई आणि आपसात दर ठरवले जात. प्रसंगी दांडगाई करून इतरांना पेटीपर्यंत पोहोचूही दिले जात नसे. आंध्र प्रदेशाने २००३ साली इलेक्ट्रॉनिक खरेदीचा मार्ग धरला, तो अशाच अनुभवांतून.

या पद्धतीला कायद्याचा आधार दिला तो माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने. त्यामुळे डिजिटल स्वाक्षरीला मान्यता मिळाली. निविदा सांकेतिक रूपात संगणकावर दाखल होते. ठरलेल्या वेळेपूर्वी ती कोणालाही वाचता येत नाही. नियुक्त अधिकारी आपापल्या स्वाक्षरीच्या किल्ल्या वापरतात, तेव्हाच ती उघडते. कोणी, केव्हा, काय केले याची नोंद आपोआप राहते. दरांचा तुलनात्मक तक्ता त्वरित तयार होतो. लेखापरीक्षण सुलभ होते आणि प्रामाणिक अधिकाऱ्याला आपल्या निर्णयाचा पुरावा हाती मिळतो.

पुरवठादाराचा लाभही मोठा आहे. तालुक्याच्या गावी बसून लहान कारखानदार निविदा पाहू शकतो. प्रवासाचा खर्च व खेटे वाचतात. अटींत बदल झाल्यास तो सर्वांना एकाच वेळी कळतो. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्र शासनाने ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’ ही बाजारपेठ सुरू केली. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी, तेथे उपलब्ध असलेल्या वस्तू व सेवा तेथूनच घेणे केंद्रीय मंत्रालयांवर बंधनकारक केले. केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाच्या खरेदीचे प्रमाण २०१८ मध्ये २० वरून २५ टक्के करण्यात आले. हे प्रमाण गाठण्यासही अशी बाजारपेठ साहाय्यभूत ठरते.

मात्र यंत्र लखोट्याचे रक्षण करील. सचोटीची जबाबदारी माणसाचीच राहील. अटी एखाद्याच पुरवठादाराच्या मापाने बेतल्या, तर संगणक त्या निमूटपणे प्रसिद्ध करतो. मर्यादा टाळण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडले, तर तेही तो स्वीकारतो. डिजिटल स्वाक्षरीची किल्ली आणि तिचा सांकेतिक शब्द दुसऱ्याच्या स्वाधीन करणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय. ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

आणखी एक गोष्ट. निविदा संगणकावर, पण देयक मात्र महिनोन्महिने टेबलावर, असे झाले तर लहान उद्योजक पुन्हा शासनाच्या दारी येणार नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांची रक्कम माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करणे आवश्यक आहे. खुली स्पर्धा, स्पष्ट अटी आणि वेळेवर पैसे ही तिन्ही एकत्र आली, तरच स्पर्धक वाढतील, दर उतरतील आणि वाचलेल्या पैशातून गावाच्या शाळेत आणखी चार बाक येतील.